चेटकीण नावाचा रकाना

माहुलगावातून खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीशी रिफायनरीच्या चिमण्या असतात. समोर चिखल, तिवरं, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे आणि पलीकडे शिवडी. 1665 पासून पुढची सत्तरेक वर्षं ही नुसती खाडी नव्हती, ती दोन राज्यांमधली हद्द होती. मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. अलीकडची साष्टी, चेंबूर, ट्रॉम्बे, माहुल हा सगळा पट्टा पोर्तुगीजांकडेच राहिला. शीवच्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला तो या हद्दीवर नजर ठेवायला. 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली, तेव्हा ही हद्द मोडली.

हद्द म्हटलं की आपल्याला जकात आणि तोफा आठवतात. पण अलीकडच्या काठावर बाप्तिस्मा झालेली एखादी बाई मंत्र म्हणून आजाऱ्याला अंगारा लावत असेल, तर तिचं प्रकरण वसईतल्या चर्चच्या अधिकाऱ्यांमार्फत थेट गोव्याच्या इन्क्विझिशनपर्यंत जाऊ शकत होतं. पलीकडच्या काठावर तेच काम करणारी बाई कंपनी सरकारच्या कोर्टापुढे उभी राहायची. आज या दोन काठांवरच्या दोन बायकांबद्दल लिहायचं आहे. एकीचं नाव कागदावर आहे, दुसरीचं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं 1560 मध्ये, आणि मधली काही वर्षं वगळता ते 1812 पर्यंत चाललं. गोव्यापुरतंच नाही, तर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखावर त्याचा अधिकार होता. वसई, चौल, दमण ही ठाणी त्यातच आली. तत्त्वतः ते फक्त बाप्तिस्मा झालेल्यांवर खटले चालवू शकत होतं. व्यवहारात, एखाद्या हिंदूने ख्रिस्ती माणसाला जुन्या देवाधर्माकडे ओढलं किंवा धर्मांतरात अडथळा आणला, तर तोही कचाट्यात सापडायचा. म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती बाईच्या तापलेल्या पोराची दृष्ट काढणारी हिंदू म्हातारीसुद्धा सुरक्षित नव्हती.

आता पहिली बाई. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर 1673 मध्ये दमणला पकडला गेला. वय पंचविशीच्या आतबाहेर, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच. धर्माविषयी नको ते बोलला, हा गुन्हा. त्याला वसईमार्गे गोव्याला नेलं. दोन वर्षं तो तिथल्या कोठडीत होता आणि 12 जानेवारी 1676 रोजी 'आउतो-द-फे' म्हणजे जाहीर शिक्षासमारंभात त्याला इतर कैद्यांबरोबर चालवत नेलं. सुटल्यावर त्याने पुस्तक लिहिलं, ते 1687 मध्ये छापलं गेलं. त्यात तो सांगतो की त्या पहाटे साखरेच्या शंकूसारख्या निमुळत्या पाच पुठ्ठ्याच्या टोप्या आणल्या गेल्या. त्यांवर सैतान आणि ज्वाळा रंगवलेल्या होत्या आणि कडेने 'जादूगार' या अर्थाचा पोर्तुगीज शब्द लिहिलेला होता. त्या पाच जणांच्या डोक्यावर गेल्या. हे पाच जण देलाँच्या अगदी जवळ होते, त्यामुळे आता आपल्यालाही एक मिळणार अशी भीती त्याला वाटली.

त्या दिवशी दोघांना जाळण्यात आलं, एक पुरुष आणि एक स्त्री. दोघंही इथलेच, ख्रिस्ती झालेले. आरोप जादूचा. पण शिक्षा सुनावली ती धर्मभ्रष्ट म्हणून. देलाँ इथे एक टोमणा मारतो: त्यांना शिक्षा देणारे जितके जादूगार होते, तितकेच हे दोघं होते.

या बाईबद्दल देलाँ सांगतो ते एवढंच. ना नाव, ना गाव, ना वय.

आरोप एक आणि निकाल दुसरा, ही या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. युरोपातल्या जर्मन भाषिक प्रदेशांत चेटकिणींना मारलं गेलं ते मुख्यतः नुकसान केल्याच्या आरोपावरून: गाय आटली, गारपीट झाली, मूल दगावलं. त्या सगळ्या लाटेत साधारण 40 ते 60 हजार माणसं मारली गेली असा आजचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य बायका होत्या, आणि बहुतेक खटले स्थानिक दिवाणी न्यायालयांनी चालवले होते, इन्क्विझिशनने नव्हे. स्पेन आणि पोर्तुगालची धर्मन्यायालयं या बाबतीत उलट बरीच संशयी होती. आलोन्सो द सालाझार फ्रियास या स्पॅनिश इन्क्विझिटरने 1610 च्या बास्क प्रकरणानंतर गावोगाव फिरून शेकडो कबुलीजबाब तपासले आणि वर कळवलं की प्रत्यक्ष जादू झाल्याचा एकही पुरावा हाती लागला नाही. पोर्तुगालबद्दल जुझे पेद्रू पाइव्हा यांचं 1997 चं पुस्तक आहे. त्याच्या शीर्षकातच 'चेटकीण-शिकार न झालेला देश' असे शब्द आहेत.

मग गोव्यात काय वेगळं होतं? इथे 'जादू' हा शब्द कशाला लावायचा याचं मोजमाप बदललं. लिस्बनमधली बाई पाण्यात बघून चोर सांगत असेल तर ती अंधश्रद्धा. गोव्यातल्या किंवा साष्टीतल्या नवख्रिस्ती बाईने तांदूळ मंतरून दिले, तर तो जुना धर्म. गोव्याच्या कागदांत यासाठी 'जेंतिलिदाद' असा वेगळाच गुन्हा आहे, म्हणजे हिंदू रीतीभाती पाळणं. एकच कृती जादूच्या रकान्यात टाकायची की जेंतिलिदादच्या, हे ठरवणार समोर बसलेला कारकून आणि इन्क्विझिटर. बाईच्या लेखी ती दोन्ही नव्हती, तो उपाय होता.

1736 चा गोव्याच्या इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचला की हा रकाना किती फुगला होता ते दिसतं. अंगणात तुळस लावू नका, एकादशी करू नका, मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागू नका, अळणी भात शिजवू नका, धोतर आणि चोळी घालू नका. यातलं निम्मं घर बायका चालवतात. सटवीची रात्र जागवणारी सुईण, हळद लावणाऱ्या सवाष्णी, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या बायका, सगळ्याच संशयित. योगायोग असा की त्याच 1736 मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने चेटूक हा गुन्हाच कायद्यातून काढून टाकला.

त्याच्या बारा वर्षं आधी, खाडीच्या पलीकडे, दुसरी बाई आपल्याला भेटते. 1724 मध्ये मुंबईच्या कंपनी कोर्टापुढे बास्तोक नावाच्या बाईवर चेटूक आणि सैतानी कृत्यांचा आरोप आला. नाव इंग्रज लेखनिकाने कानावर पडलं तसं उतरवलेलं दिसतं. कोर्टाने तिला दोषी ठरवलं, पण हे तिने दुष्ट हेतूने नव्हे तर अज्ञानातून केलं असं म्हटलं. शिक्षा: चर्चच्या दारात 11 फटके.

इथे घाई करून 'बघा, इंग्रज किती सौम्य' असं लिहू नका. पहिल्या मसुद्यात मी नेमकं तेच लिहिलं होतं आणि मार्गदर्शकांनी समासात नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून परत दिलं. प्रश्नचिन्ह रास्त होतं. 'अज्ञान' हा शब्द नीट बघा. गोव्याचं न्यायालय म्हणत होतं: तुला सत्य धर्म ठाऊक आहे, तरी तू उलटलीस, म्हणून तू गुन्हेगार. मुंबईचं कोर्ट म्हणत होतं: तुला काही ठाऊकच नाही, म्हणून तू फटक्यांवर सुटलीस. बाईला काहीतरी येत होतं, आजाऱ्याचं काय करायचं याची तिची एक समज होती, हा पर्याय दोन्हीकडच्या कागदांत उपलब्धच नाही. जळणं आणि 11 फटके यांत फरक प्रचंड आहे, तो पुसायचा नाही. पण तो फरक 'जादू' म्हणजे काय याच्या आकलनातला होता असं म्हणता येणार नाही.

माझं एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातलं, म्हणून मला इथे गार्सिया द ओर्ता आठवल्याशिवाय राहत नाही. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधींची माहिती आहे: धोतरा, हळद, मिरी, कितीतरी. ती त्याने इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना, घरातल्या दासींना विचारून गोळा केली. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळालं होतं, म्हणजे हा माहुलच्या समोरचाच जमीनदार. डॉक्टराने लिहिलं ते शास्त्र झालं. तीच मुळी हातात घेऊन मंत्र पुटपुटणारी बाई चेटकीण झाली. आणि गंमत कसली, दुर्दैवच: ओर्ताची बहीण कातारिना 1569 मध्ये ज्यू धर्म गुपचूप पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळली गेली, आणि 1580 मध्ये ओर्ताची स्वतःची हाडं उकरून जाळण्यात आली. त्या रकान्यांतून शास्त्रज्ञही सुटला नाही.

आता संशोधनाच्या दृष्टीने अवघड भाग. 1812 मध्ये न्यायालय बंद झाल्यावर गोव्यातल्या खटल्यांची बहुतेक कागदपत्रं नष्ट केली गेली. उरलं ते तुकड्यातुकड्यांनी: काही पत्रव्यवहार लिस्बनच्या तोर दु तोंबू या अभिलेखागारात, काही रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. सर्वांत मोलाची आहे ती जुआंव देल्गादु फिगेइरा याने केलेली सूची. 1561 ते 1623 मधल्या 3800 खटल्यांची ती यादी आहे आणि ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पण ती यादी आहे, खटले नव्हेत. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर बाटल्यांवरची लेबलं मिळाली, नमुने फेकून दिले गेले. आणि लेबल लावणारा तटस्थ नव्हता.

समजा उद्या एखादा पूर्ण जबाब हाती लागला, तरी प्रश्न संपत नाही. इन्क्विझिशनमध्ये आरोपीला आरोप सांगत नसत, साक्षीदारांची नावं सांगत नसत. विचारत: तुला इथे का आणलंय, तुला माहीत आहे का? देलाँनेही हेच सोसलं. कैद्याने स्वतःच आठवून, अंदाज बांधून, समोरच्याला हवी ती गोष्ट तयार करायची. त्यात युरोपीय धर्मशास्त्राचा ठरलेला प्रश्न असतो सैतानाशी केलेल्या कराराचा. अंगात देवी येते, गावाची रक्षणकर्ती आहे, रागावली की ताप येतो, अशा समजुतीत वाढलेल्या बाईला 'तू सैतानाशी करार कधी केलास?' विचारल्यावर ती काय सांगणार? इटलीच्या फ्रिउली भागातल्या 'बेनान्दान्ती' लोकांवर कार्लो गिन्झबुर्ग यांनी 1966 मध्ये लिहिलेलं पुस्तक यासाठी जरूर वाचा. आम्ही चेटकिणींविरुद्ध रात्री लढतो आणि पीक वाचवतो, असं सांगणारी ही माणसं काही दशकांच्या चौकशीनंतर स्वतःलाच चेटके म्हणवून घ्यायला लागली. प्रश्नांनी उत्तरं घडवली. गिन्झबुर्गना ते दिसलं कारण तिथले जबाब टिकून आहेत.

आपल्याकडे ते नाहीत, आणि ही रिकामी जागा भरायचा मोह मोठा असतो. व्हॉट्सॲपवर 'गोव्यात हजारो चेटकिणी जाळल्या' असे मजकूर फिरतात. अभ्यासकांनी मोजलेले गोव्यातले खटले सोळा हजारांवर जातात, पण प्रत्यक्ष जाळलेल्यांची संख्या हजारांच्या जवळपासही येत नाही, आणि त्यांत जादूचा आरोप असलेले आणखी कमी. दुसऱ्या बाजूला, आकडा लहान आहे म्हणून 'फार काही झालं नाही' म्हणणारेही आहेत. सोळा हजार म्हणजे कोठडी, जप्ती, जाहीर धिंड, हद्दपारी, आणि शेजारणीने शेजारणीविरुद्ध दिलेली साक्ष. तुळशीवरूनही बोलावणं येऊ शकतं, ही भीती कुठल्याच तक्त्यात उतरत नाही.

या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर सुरुवात अ. का. प्रियोळकरांपासून करा. गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1961 मध्ये निघालं. देलाँचं निवेदन आणि 1736 चा जाहीरनामा दोन्ही त्यात मिळतात. प्रियोळकरांचा राग पानोपानी जाणवतो. तो समजण्यासारखा आहे, पण तुमच्या प्रकरणात उतरवून घेऊ नका. मग पोर्तुगीज शिका, वाचण्यापुरती तरी. मला सतराव्या शतकातलं अक्षर लागायला दोन पावसाळे गेले. आणि तक्ता बनवताना 'गुन्हा' असा एकच रकाना ठेवू नका. एक रकाना न्यायालयाने काय म्हटलं त्याचा, दुसरा बाईने हातांनी प्रत्यक्ष काय केलं त्याचा. माझ्या तक्त्यात 12 जानेवारी 1676 च्या ओळीत पहिला भरलेला आहे आणि दुसरा कोरा.