फुगा : दरबारापासून मांडवापर्यंत

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या एका घरगुती समारंभास आम्ही गेलो होतो. अंगणातील मांडवाच्या तोंडाशी शेकडो फुग्यांची कमान उभी होती. घरच्या आजीबाईंना ती रुचली नव्हती. "फादर, आमच्या वेळी झावळ्या नि पताका असायच्या. हे शोभतं का?" त्यांनी विचारले. मुलाचे वडील हसून म्हणाले, "पोरांना आवडतं, फादर." निवाडा आमच्यावर आला. जेवणाचे निमित्त काढून आम्ही तेव्हा सुटका करून घेतली. परंतु प्रश्न मनात राहिला आणि फुग्याच्या इतिहासात शिरणे भाग पडले.

वाचकांना नवल वाटेल, पण या इतिहासाच्या आरंभी एक धर्मगुरू उभा आहे. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेव द गुस्मांव यांनी 1709 च्या ऑगस्टमध्ये लिस्बन येथे पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याच्यासमोर कागदाचा एक लहान फुगा आतील हवा तापवून वर चढविला. पडदे पेट घेतील या भीतीने सेवकांनी तो खाली पाडला, असे सांगतात. पुढे 1783 साली फ्रान्समधील माँगोल्फिए या कागद उत्पादक बंधूंनी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा फुग्यातून आकाशात पाठविला. त्याच वर्षी माणूसही उडाला. तोवर फुगा ही सजावट नव्हती. माणसाने वर पाहावे असे ते आश्चर्य होते.

रबराचा फुगा जन्मला तो प्रयोगशाळेत. 1824 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांना हायड्रोजनवर प्रयोग करावयाचे होते. त्यांनी रबराचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या आणि आतील बाजू चिकटू नये म्हणून तेथे पीठ भुरभुरले. पुढच्याच वर्षी टॉमस हॅन्कॉक यांनी घरी फुगे बनविण्याचे साहित्य विक्रीस काढले. 1931 साली अमेरिकेत नील टिलट्सन यांनी मांजराच्या डोक्याच्या आकाराचा पुठ्ठा रबराच्या चिकात बुडवून फुगा काढला. चिकाच्या या रीतीने फुगा स्वस्त झाला. आणि जे स्वस्त होते, ते ढिगाने वापरले जाते.

त्या ढिगाचा कळस अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराने पाहिला. 27 सप्टेंबर 1986 रोजी तेथे निधी उभारण्याच्या सत्कार्यासाठी सुमारे 15 लाख फुगे एकाच वेळी सोडण्यात आले. वाटेत वारा आणि पाऊस आडवा आला. फुगे रस्त्यांवर, विमानतळावर आणि ईरी सरोवरावर उतरले. सरोवरात दोन मच्छीमार बेपत्ता होते. पाण्यावर तरंगणाऱ्या हजारो फुग्यांतून माणसाचे डोके ओळखणे शोधपथकास कठीण झाले. त्या दोघांचे मृतदेहच पुढे हाती लागले. हेतू चांगला होता. प्रमाण सुटले होते. समुद्रपक्षी फुग्यांचे तुकडे गिळून मरतात, हेही संशोधकांनी आता दाखविले आहे. फ्लोरिडा राज्याने तर 2024 साली हेतुपुरस्सर फुगे सोडण्यास कायद्यानेच बंदी केली.

मग आजीबाईंना काय सांगावे? फुगा मुळात अभिरुचीहीन नाही. लहान मुलाच्या हातातील एक लाल फुगा पाहून जो डोळा उजळतो, तो गुस्मांव यांच्या फुग्याकडे पाहणाऱ्या राजाचाच डोळा होय. बिघडते ते संख्येने. शेकडो फुगे एकत्र बांधले की नवल सरते आणि उरतो केवळ खर्चाचा देखावा; दुसऱ्या दिवशी त्याच्या चिंध्या गटारात आणि पुढे समुद्रात जातात. दाराला झावळ्यांचे तोरण असावे, मुलांच्या हाती एकेक फुगा असावा, आकाशात मात्र एकही सोडू नये, आणि सायंकाळी फुटलेले तुकडे घरच्यांनी वेचावेत. समारंभ ज्या मुलाचा आहे, ते मूल कमानीआड झाकले जाऊ नये, एवढीच आमची अट. आजीबाई आणि मुलाचे वडील, दोघांनाही ती मान्य होईल असे वाटते.