ऑइल सीलची गळती (दुचाकीचा पुढचा शॉकअप)

दुचाकीच्या पुढच्या शॉकअपमधले तेल बाहेर येऊ न देणारे रबरी कडे म्हणजे ऑइल सील. आत पोलादी कडे, त्यावर नायट्राइल रबर, पाइपावर टेकणारी रबराची पातळ कडा आणि त्या कडेला मागून आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग अशी त्याची घडण असते. क्रोमचा कठीण मुलामा दिलेला पाइप या कडेतून वर-खाली सरकतो. पाइपावर उरणाऱ्या तेलाच्या अतिशय पातळ थरावर कडा घसरते. तो थर नसेल तर रबर कोरडे घासून लवकर झिजते. वरचे डस्ट सील धूळ-पाणी अडवते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हे ज्ञान रोजच्या उपयोगाचे आहे. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि शॉकअप बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालयही वाळूजलाच आहे.

पाइपावर तेलाचे वलय दिसले की ‘सील गेले’ असे निदान होते आणि नवे सील बसते. हे निदान बहुधा अपुरे असते, कारण तेल अडवण्याचे काम सील आणि पाइप मिळून करतात. डाव्या-उजव्या बाजूंचे सील एकाच वेळी बसवलेले, एकाच रबराचे आणि सारखेच ऊन-पाऊस सोसलेले असतात. वय हेच कारण असेल तर दोन्ही बाजू थोड्याफार अंतराने गळायला हव्यात. एकच बाजू गळत असेल, तर शोध त्या बाजूच्या पाइपापासून सुरू करणे सयुक्तिक ठरते. खडा उडून क्रोमचा टवका गेला की तेथे गंज धरतो, बारीक खड्डा पडतो आणि त्याची धारदार कड प्रत्येक धक्क्याला रबर कापते. कडेखाली अडकलेला चिखलाचा कण, वाकलेला पाइप, झिजलेला बुश किंवा प्रमाणाबाहेर भरलेले तेल यांचाही परिणाम तोच होतो. अशा पाइपावर बसवलेले नवे सील काही काळ टिकते आणि पुन्हा गळते.

थंड पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या ड्रायसूटमध्ये हेच तत्त्व दिसते. तारकर्लीच्या उबदार समुद्रात वेटसूट पुरतो. ड्रायसूट मात्र आतले अंग कोरडे ठेवतो आणि त्याच्या मनगटाला लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनचे सील असते. मूठ आवळली की मनगटाच्या कंडरा वर येतात, त्यांच्या बाजूला खाच पडते आणि अखंड सीलखालूनही पाणी आत शिरते. तेथे सील बदलून भागत नाही. ते मनगटावर थोडे वर, सपाट जागी सरकवावे लागते. लॅटेक्स चिरले असेल तर मात्र ते काढून नवे चिकटवणेच योग्य, कारण सतत ताणल्या जाणाऱ्या जागी ठिगळ फार काळ धरत नाही.

म्हणून शॉकअपच्या दुरुस्तीचा क्रम पाहणीपासून सुरू व्हावा. पाइप पुसून त्यावरून नख फिरवावे. नख अडते तेथे दोष असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर डस्ट सील उचलून पातळ प्लास्टिकची पट्टी कडेखालून फिरवल्यास अडकलेला कण निघतो आणि कधी कधी गळती तेवढ्यानेच थांबते. न थांबल्यास शॉकअप उतरवून तेल काढावे, सील जागेवर धरणारे लॉक काढावे आणि बसण्याच्या जागेला ओरखडा न पाडता जुने सील उपसावे. किरकोळ उंचवटा बारीक पॉलिश पेपरने उतरवता येतो. सीलच्या वाटेत खोल खड्डे असतील तर पाइप बदलावा किंवा त्यावर पुन्हा क्रोम चढवून घ्यावा. नवे सील तेल लावून, पाइपाच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवून सरळ बसवावे. तेल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच भरावे.

यावर आक्षेप असा, की सील स्वस्त आहे आणि पाळीवर जाणाऱ्याला गाडी लगेच हवी असते. मग इतकी तपासणी कशाला? पण सीलची किंमत थोडी असली तरी चाक, ब्रेक आणि शॉकअप उतरवण्याची मजुरी प्रत्येक वेळी तीच पडते. पाहणीला लागणारी काही मिनिटे पुढची संपूर्ण उतरवणी वाचवतात. दुसरा आक्षेप असा, की रबर म्हातारे होतेच. ते खरे आहे. कडक झालेले, भेगाळलेले सील बदललेच पाहिजे आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलणे श्रेयस्कर. मात्र त्या वेळीही नव्या रबराचे आयुष्य पाइपच ठरवतो. ही काळजी केवळ खर्चासाठी नाही: गळते तेल डिस्क ब्रेकपर्यंत ओघळले तर ब्रेकची पकड जाते. तेल लागलेले ब्रेक पॅड बदलून आणि डिस्क स्वच्छ करूनच अशी गाडी रस्त्यावर काढावी.