गृहमद्यनिर्मिती, अमेरिकेतील (१९२०–३३)

गृहमद्यनिर्मिती, अमेरिकेतील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दारूबंदीच्या काळात असंख्य कुटुंबांनी घरच्या घरी द्राक्षमद्य (वाइन) तयार केले. त्यांपैकी अनेकांचा या उद्योगाशी पूर्वी काहीही संबंध नव्हता. मद्याचे उच्चाटन करण्यासाठी केलेल्या कायद्यातील एका अपवादामुळे मद्यनिर्मिती कारखान्यांतून तळघरांत गेली. कायद्याचा उद्देश आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम यांत किती अंतर पडू शकते, याचे हे एक लक्षणीय उदाहरण होय.

पार्श्वभूमी : अठराव्या घटनादुरुस्तीस १६ जानेवारी १९१९ रोजी आवश्यक तेवढ्या राज्यांची संमती मिळाली आणि १७ जानेवारी १९२० पासून मादक पेयांचे उत्पादन, विक्री व वाहतूक यांवर देशभर बंदी आली. दुरुस्तीच्या अंमलबजावणीसाठी केलेला कायदा मिनेसोटाचे प्रतिनिधी अँड्रू व्होल्स्टेड यांच्या नावाने ओळखला जातो. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. परंतु काँग्रेसने तो डावलून २८ ऑक्टोबर १९१९ रोजी कायदा संमत केला. अर्धा टक्का वा त्याहून अधिक अल्कोहॉल असलेले पेय या कायद्याने मादक ठरविले. दारूबंदीच्या चळवळीचा रोख मुख्यतः व्हिस्की आणि गुत्ते यांवर होता. द्राक्षमद्याचा प्रसार त्या मानाने मर्यादित होता. ते रोज जेवणाबरोबर घेण्याची रीत प्रामुख्याने इटली व दक्षिण यूरोपातील अन्य देशांतून आलेल्या स्थलांतरितांमध्ये होती आणि त्यांतील पुष्कळ जण ते घरीच करीत.

कायद्यातील सवलत : व्होल्स्टेड कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमानुसार केवळ घरगुती वापरासाठी ‘मादक नसलेले’ सफरचंदाचे आसव (सायडर) व फळांचे रस तयार करणाऱ्यास दंडाच्या तरतुदी लागू होत नव्हत्या. हा रस विकण्यास मात्र मनाई होती. तो फक्त व्हिनेगर तयार करण्याचा परवाना असणाऱ्यासच देता येई. या सवलतीमागे सफरचंदाचे आसव करून ठेवणाऱ्या ग्रामीण कुटुंबांचा विचार होता, असे सामान्यतः मानले जाते. कुटुंबप्रमुखास घरच्या वापरासाठी वर्षाला २०० गॅलनपर्यंत (सु. ७५७ लिटर) द्राक्षमद्य करमुक्त करू देण्याची करविषयक सवलत त्यापूर्वीचीच होती. दारूबंदीच्या काळात अंतर्गत महसूल खात्याने हीच मर्यादा फळांच्या रसाला लावली. याच कायद्याच्या आणखी एका तरतुदीप्रमाणे, बेकायदा विक्री होत असल्याखेरीज राहत्या घराच्या झडतीचे अधिपत्र काढता येत नसे. या दोन तरतुदींमुळे तळघरातील पिंप सुरक्षित राहिले. बिअरला मात्र ही सवलत नव्हती. त्यामुळे घरी द्राक्षे आंबविणारा निर्धास्त राहिला व घरी बिअर करणारा गुन्हेगार ठरला.

हिल खटला : फळांचा रस आपोआप आंबतो; मग अशा रसाला ‘मादक नसलेला’ कोणत्या कसोटीने म्हणावयाचे, हा प्रश्न होता. त्याचा निर्णय लावून घेण्यासाठी मेरिलँडचे प्रतिनिधी व दारूबंदीचे विरोधक जॉन फिलिप हिल यांनी बॉल्टिमोर येथील आपल्या घरी उघडपणे द्राक्षमद्य व सफरचंदाचे आसव तयार केले आणि सरकारला कारवाईचे आव्हान दिले. त्यांच्यावर १९२४ मध्ये खटला चालला. एकोणतिसाव्या कलमाखालील रसाला अर्ध्या टक्क्याची मर्यादा लागू होत नाही. तो प्रत्यक्षात मादक होता किंवा नाही हे ज्यूरीने ठरवावयाचे, असे न्यायाधीश मॉरिस सोपर यांनी स्पष्ट केले. ज्यूरीने हिल यांना निर्दोष ठरविले. यानंतर घरगुती द्राक्षमद्याविरुद्ध खटला यशस्वी करणे सरकारला फार अवघड झाले.

द्राक्षांचा व्यापार : मद्याचे कारखाने बंद पडल्यावर द्राक्षबागा नष्ट होतील, अशी कॅलिफोर्नियातील बागाईतदारांना भीती होती. घडले ते उलट. घरगुती मागणीमुळे मद्याच्या द्राक्षांचे भाव कित्येक पटींनी वाढले आणि दशकाच्या अखेरीस राज्यातील द्राक्षबागांचे क्षेत्र दुपटीच्या सुमारास पोहोचले. बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून द्राक्षे शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टन इ. शहरांत जात व तेथील मालधक्क्यांवर त्यांचे सौदे होत. मिनेसोटातील इटालियन स्थलांतरित चेझारे मोंदावी हे आपल्या मंडळींसाठी द्राक्षे खरेदी करण्यास कॅलिफोर्नियात गेले आणि पुढे लोडाय येथे स्थायिक होऊन द्राक्षे पाठविण्याचा व्यवसाय करू लागले. त्यांचे पुत्र रॉबर्ट मोंदावी हे नंतरच्या काळातील अग्रगण्य मद्योत्पादक होत. अर्नेस्ट व ज्यूल्यो गॅलो या बंधूंचा व्यवसायातील आरंभही द्राक्षांच्या व्यापारातूनच झाला.

या व्यापाराने द्राक्षाच्या जातींची निवडही बदलली. उत्तम मद्य देणाऱ्या जातींचे मणी लहान, नाजूक व पातळ सालीचे असल्याने ते दूरच्या प्रवासात टिकत नसत. त्यांच्या जागी ‘आलिकांत बूशे’ ही फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात संकराने निर्माण केलेली जात मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. तिची साल जाड व गर लाल असतो. तिचा रंग इतका गडद असतो, की पहिला रस काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात पाणी व साखर घालून दुसऱ्यांदाही लाल मद्य करता येई. मद्याला त्यामुळे रंग आला. स्वाद आला नाही. लागवड मागणीपेक्षा अधिक झाल्याने १९२५ नंतर भावही कोसळले.

घरगुती कृती : कृती वरवर पाहता सोपी होती. २०० गॅलन मद्यासाठी टनाहून अधिक द्राक्षे लागत. ती हाताने फिरवावयाच्या यंत्रात चिरडून उघड्या टाकीत ठेवीत. सालीवरील नैसर्गिक यीस्टमुळे रसाचे किण्वन सुरू होई, साखरेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड बने आणि वायूबरोबर साली वर येऊन त्यांचा थर जमे. हा थर रोज दाबून रसात बुडवावा लागे. सुमारे आठवड्याने रस गाळून, चोथा दाबून पिंपात भरीत. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होई. किण्वन मंदावल्यावर पिंप काठोकाठ भरून हवाबंद न केल्यास हवेतील ऑक्सिजनाच्या साहाय्याने सूक्ष्मजंतू अल्कोहॉलाचे असेटिक अम्लात रूपांतर करतात व मद्याचा शिर्का होतो. तळघर फार थंड असल्यास किण्वन अर्धवट थांबून मद्य गोड व अस्थिर राही. ज्या कुटुंबांत ही विद्या पिढीजात होती तेथे या चुका टळत. इतरांना दरवर्षी एकाच हंगामात शिकण्याची संधी मिळे आणि चूक झाल्यास वर्षाचे पिंप वाया जाई.

द्राक्षवड्या व संहत रस : नवशिक्यांची अडचण ओळखून व्यापाऱ्यांनी द्राक्षांच्या दाबलेल्या वड्या विक्रीस आणल्या. त्यांच्या वेष्टनावर, मिश्रण अमुक दिवस ठेवू नये, अन्यथा त्याचे मद्य होईल, असा इशारा असे. प्रत्यक्षात तो कृतीचाच भाग होता. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रूट इंडस्ट्रीज’ या बागाईतदारांच्या संघाला फेडरल कृषी मंडळाकडून कर्ज मिळाले. संघाने ‘व्हाइन-ग्लो’ या नावाचा संहत रस विकण्यास प्रारंभ केला. संघाचा माणूस रसाचे पिंप घरी आणून ठेवी, किण्वनावर लक्ष ठेवी आणि सुमारे ६० दिवसांनी तयार पेय बाटल्यांत भरून देई. दारूबंदीच्या खटल्यांची सूत्रे १९२१–२९ या काळात सांभाळणाऱ्या माजी साहाय्यक महान्यायवादी मेबल वॉकर विलेब्रांट याच या संघाच्या कायदेशीर सल्लागार होत्या. १९३१ मध्ये कॅन्झस सिटी येथील फेडरल न्यायालयाने अशीच घरपोच सेवा देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीस दोषी ठरविल्यानंतर संघाने ‘व्हाइन-ग्लो’ मागे घेतले.

परिणाम : अर्थशास्त्रज्ञ क्लार्क वॉरबर्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार १९११–१४ च्या तुलनेत १९२७–३० मध्ये बिअरचा दरडोई खप सु. ७० टक्क्यांनी घटला, तर द्राक्षमद्याचा सु. ६५ टक्क्यांनी वाढला. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूबंदी संपली. पण व्यापारी मद्यनिर्मिती सावरण्यास दीर्घ काळ लागला. कुशल कारागीर पांगले होते, पिंपे निकामी झाली होती आणि बागांत हलक्या प्रतीच्या जाती होत्या. साधे मद्य ज्यांना हवे होते, त्यांतील अनेक जण ते घरीच करीत राहिले. बाजारात गोड व अल्कोहॉल मिसळून तीव्र केलेल्या मद्याचे वर्चस्व होते. ते १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकले.

या काळात लाभही झाला. बॉल्टिमोर येथील पत्रकार फिलिप वॅग्नर यांनी हौशी गृहमद्यनिर्मितीच्या अनुभवावरून १९३३ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी पूर्वेकडील कडक थंडीत तग धरणाऱ्या फ्रेंच संकरित द्राक्षजातींचा प्रसार केला व १९४५ मध्ये मेरिलँडमध्ये ‘बूर्डी’ हा मद्याचा कारखाना स्थापन केला. घरी बिअर करण्यास मात्र फेडरल कायद्याने १९७८ मध्येच मान्यता दिली. त्या वेळी कुटुंबप्रमुखाची अट जाऊन दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन व एकट्या प्रौढास १०० गॅलन अशी मर्यादा ठरविण्यात आली.

ग्रामीण घरातील आसवासाठी ठेवलेली पळवाट शहरी स्थलांतरितांनी आणि नवशिक्यांनी हमरस्ता केली. कायद्याने मद्य घराबाहेर रोखले, पण घराचा उंबरठा ओलांडण्याचे धाडस तो करू शकला नाही. दारूबंदीच्या अपयशाच्या कारणांत या मर्यादेचे स्थान महत्त्वाचे आहे.

[⟶ किण्वन, दारूबंदी, द्राक्ष, मद्य].