पनवेल

पनवेल : महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि महानगरपालिका असलेले शहर. गाढी नदीच्या काठी, खाडीच्या माथ्याशी वसलेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बर मार्गाने ४९ किमी. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची डोंगररांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. २०११ च्या जनगणनेत जुन्या नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १ लाख ८० हजार लोक होते. आज महापालिकेत असलेल्या सगळ्या भागाची त्या वेळची लोकसंख्या ५ लाखांवर होती. मुंबईत नोकरी आहे पण मुंबईत घर परवडत नाही, अशा कुटुंबांनी गेल्या तीसेक वर्षांत पनवेल वाढवले. म्हणून या नोंदीत वस्ती आणि घरखरेदी या विषयांना जास्त जागा दिली आहे.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेलची पेठ आणखी भरभराटली. तांदूळ, मीठ आणि घाटावरून उतरणारा माल येथून जाई. बैलगाडीची चाके बनवणे हा गावचा नावाजलेला धंदा होता. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, ती राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. बेने इस्रायल समाजाचे बेथ एल सिनेगॉग त्याआधीचे, १८४९ चे. आयुर्वेदिक औषधे बनवणारा धूतपापेश्वर कारखाना १८७२ साली येथेच सुरू झाला. मात्र १८६३ साली आगगाडी कर्जतमार्गे घाट चढली आणि पनवेल आडबाजूला पडले. पुढची शंभर वर्षे ते वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशा तळ्यांचे, वाड्यांचे आणि बाजाराचे शांत गाव राहिले. टपाल नाका, लाईन आळी, मिरची गल्ली या भागांत त्या गावाचा आराखडा अजून ओळखू येतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण याच तालुक्यातले.

पनवेल पुन्हा वाटेवर आले ते मुंबईच्या गर्दीमुळे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी सिडको (शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावांची भातशेती, मिठागरे आणि खाजण जमीन शासनाने संपादित केली. पनवेलमधल्या कुठल्याही इमारतीची गोष्ट या संपादनापाशी सुरू होते, हे घर घेणाऱ्याने विसरू नये. मोबदला अपुरा म्हणून आगरी, कोळी, कराडी शेतकरी दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान भागातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून ‘साडेबारा टक्के’ ही योजना आली : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. प्रत्यक्षात सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन हाती ८.७५ टक्केच येतात. करंजाडे, कामोठे, खारघर येथील बऱ्याच इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. ज्याच्या आजोबांनी तिथे भात लावला त्याच्याकडून बिल्डरने भूखंड घेतला आणि त्या इमारतीत सातारा, रत्नागिरी किंवा बिहारमधून आलेली कुटुंबे राहतात.

आजच्या पनवेलला एकच एक शहर म्हणणे कठीण आहे. रेल्वेच्या पश्चिमेला जुने पनवेल, पूर्वेला सिडकोने आखलेले नवीन पनवेल. खांदेश्वर स्थानकाजवळ खांदा कॉलनी. पुढे लोखंड-पोलाद बाजाराची कळंबोली, मग कामोठे, खारघर आणि तळोजा. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिका, या वसाहती आणि २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महापालिका. मे २०१७ मध्ये तिची पहिली निवडणूक ७८ जागांसाठी झाली. सुकापूर, विचुंबे, उसर्ली, आदई, कोळखे, पळस्पे अशी गावे महापालिकेबाहेर, ग्रामपंचायतीत आहेत; ती विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या अधिसूचित क्षेत्रात येतात आणि तेथील नियोजनाचे काम २०१३ पासून सिडकोकडे आहे. जाहिरातीत मात्र या सगळ्याचे नाव पनवेलच असते.

लोक येथे का येतात, याचे पहिले उत्तर फलाटावर मिळते. पनवेल हे हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक, त्यामुळे सकाळची गाडी येथूनच सुटते आणि बसायला जागा मिळते. मुंबईपर्यंत सुमारे ८० मिनिटे लागतात, या मार्गावर जलद गाडी नाही. पण बेलापूरला उभ्याने चढणाऱ्याच्या तुलनेत खिडकीजवळ बसलेला पनवेलकर झोप पुरी करतो. ठाण्याला ट्रान्सहार्बरने थेट जाता येते. दुसरे उत्तर गावाच्या ओढीचे आहे. कोकणाकडे जाणारा महामार्ग येथून सुटतो, कोकण रेल्वेच्या गाड्या येथे थांबतात, पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीत सुरू होतो. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणाऱ्या कुटुंबाला मुंबईतून बाहेर पडण्यातच जाणारे दोन-तीन तास येथे वाचतात. घाटमाथ्यावरच्या माथाडी आणि वाहतूकदार कुटुंबांनी कळंबोली निवडली ती याच हिशेबाने. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किमीचा अटल सेतू आणि २०२५ च्या अखेरीस सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ यांमुळे मागणी वाढली. भावही वाढले, आणि मुळात स्वस्त म्हणून आलेल्यांच्या मुलांना त्याच भागात घर घेणे अवघड होऊन बसले.

घर घेणारा सहसा स्थानक किती लांब आणि भाव किती, हे आधी विचारतो. पनवेलमध्ये पहिला प्रश्न ‘जमीन कोणाची?’ हाच असला पाहिजे. जुन्या पनवेलमध्ये जमीन बहुधा खासगी मालकीची आहे. तेथे सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि वकिलाने काढलेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट महत्त्वाचा. वाड्यांच्या जागी इमारत झाली असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, ते आधी पाहावे. सिडकोच्या वसाहतींत जमीन सिडकोची असते, भाडेपट्टा मूळचा ६० वर्षांचा. येथे फ्लॅट विकत घेणारा जमिनीचा मालक होत नाही. फ्लॅट हातबदल होताना सिडकोची परवानगी घेऊन हस्तांतरण शुल्क भरावे लागते, आणि ते विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, यावरून ठरलेले सौदे ऐनवेळी अडतात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत असेल तर सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार झाला आहे ना, हे आधी तपासायचे. तो झाला नसेल तर सोसायटीच्या नावे भूखंड चढत नाही आणि रहिवाशांची वर्षे त्यात जातात.

नैना क्षेत्रातले प्रश्न वेगळे आहेत. नगररचना योजनेत जमीनमालकाने ६० टक्के जमीन रस्ते, मैदाने आणि इतर कामांसाठी द्यायची, ४० टक्के अंतिम भूखंड म्हणून त्याला मिळायची. बऱ्याच शेतकऱ्यांचा याला विरोध आहे, आणि योजना रेंगाळल्या तशा आराखड्यावरचे रस्ते कागदावरच राहिले. नव्या पनवेलहून शेअर रिक्षाने सुकापूरला जाणारा माणूस चांगल्या इमारतींसमोरच्या अरुंद रस्त्याने जातो, तो यामुळे. येथे नैनाची परवानगी असलेल्या इमारतींशेजारीच फक्त ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उठलेल्या चाळी आणि इमारती सापडतात. त्या निम्म्या भावात मिळतात, पण राष्ट्रीयीकृत बँक त्यांवर कर्ज देत नाही. बँकेने नाकारलेले घर जास्त व्याजाच्या कर्जावर घेणे हा पनवेल परिसरातला सर्वांत महागडा स्वस्त सौदा आहे. गावठाणांत आणि त्यांच्या कडेला प्रकल्पग्रस्तांनी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ ही आणखी एक गोष्ट. वाढत्या कुटुंबासाठी भूमिपुत्रांनी ती बांधली. ती नियमित करावीत ही मागणी न्याय्य आहे. पण तेथे बिल्डरने उठवलेल्या सहा मजल्यांतला फ्लॅट बाहेरच्या माणसाने विकत घेणे वेगळे, त्याला ती सहानुभूती संरक्षण देत नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात १ मे २०१७ पासून महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक पाहता येतो. भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका आठहून अधिक असतील तर नोंदणी सक्तीची आहे, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि किंमत चटई क्षेत्रावर सांगावी लागते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘ओसी’, मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. त्याआधीच्या घरावर ५ टक्के, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ६० चौरस मीटरच्या आतल्या घरावर १ टक्का. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ओसी नसलेल्या इमारतीत राहायला जाण्याची घाई करू नये, कारण नळजोडणीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पाण्याचा प्रश्न पनवेलमध्ये जमिनीइतकाच मोठा आहे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या शहरात मे महिन्यात टँकरची रांग लागते. जुन्या नगरपालिकेने गाढी नदीवर देहरंग येथे स्वतःचे धरण साठच्या दशकात बांधले. तेव्हाच्या लोकसंख्येला ते पुरत असे. आता गाळाने ते उथळ झाले आहे आणि उन्हाळ्यात तळ गाठते. उरलेले पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून पाताळगंगेचे येते. त्या नदीला टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून वीज बनवून सोडलेले पाणी बारमाही ठेवते. वीजनिर्मिती थंडावली की त्याचा परिणाम पनवेलच्या नळापर्यंत येतो. खारघरला हेटवणे धरणाचे पाणी मिळते. म्हणूनच एकाच किमतीच्या दोन फ्लॅटांतला फरक कळायचा तर सोसायटीच्या हिशेबपत्रकात टँकरवर किती खर्च झाला तो आकडा बघावा, आणि घर शक्यतो एप्रिल-मे महिन्यात पाहावे. रखवालदाराला विचारले तर तो टँकर आठवड्यातून किती वेळा येतो ते सरळ सांगतो.

पावसाळ्यातही एकदा फेरी मारावी. गाढीकाठचा कोळीवाडा आणि मोहल्ल्यांचा सखल भाग भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की पाण्याखाली जातो. कळंबोली पाणी साठवण्यासाठी ठेवलेल्या धारण तलावांत गाळ साठला की तुंबते. तळोजा औद्योगिक वसाहतीजवळच्या भागांत रात्री रासायनिक वास येतो. कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. विमानतळामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. नवीन पनवेल आणि कळंबोलीतल्या सिडकोच्या जुन्या, गळक्या इमारतींचा आणि ‘केएल’ प्रकारच्या बैठ्या घरांचा पुनर्विकास किती मजल्यांचा होईल, हे त्यावर अवलंबून आहे.

सर्वसामान्यांसाठी सिडकोची सोडत हा मोठा मार्ग. २०१८ साली १४,८३८ घरांची सोडत निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २६ हजार घरांच्या योजनेत आर्थिक दुर्बल गटासाठी तळोज्यातील घर सुमारे २५ लाखांना, तर खारघर बस टर्मिनसजवळचे ४८ लाखांना होते. ज्याचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत असणे बंधनकारक, त्याने ४८ लाख कोठून आणायचे, हा अर्जदारांचा सवाल रास्त होता. याच तालुक्यात कोन येथे गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये निघाली, किंमत ६ लाख रुपये. करोनाकाळात त्या इमारती विलगीकरण केंद्र म्हणून वापरल्या गेल्या आणि ताबा मिळायला अनेक वर्षे लागली. लालबाग-परळच्या चाळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराला घर मिळाले ते मुंबईबाहेर.

वसाहतींमध्ये राहणाऱ्यांना २०२१ पासून मालमत्ता कराचा वाद भोगावा लागला. महापालिकेने ऑक्टोबर २०१६ पासूनची थकबाकी धरून बिले पाठवली. त्या काळात सेवा सिडको देत होती आणि सेवाशुल्कही तीच घेत होती, तेव्हा दुहेरी कर का, म्हणून रहिवासी न्यायालयात गेले. जुना फ्लॅट घेताना ही थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज घराबरोबर नव्या मालकाकडे येऊ शकते. त्यामुळे विसार देण्याआधी महापालिकेच्या कराची पावती, सिडकोच्या सेवाशुल्काची पावती आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, असे तिन्ही कागद हातात घ्यावेत. एकही कमी असेल तर ती रक्कम किमतीतून वजा करून साठेखतात तसे लिहून घ्यावे.