सुरुंग : भुयार की स्फोट?

इतिहासाच्या तासाला ‘शत्रूने तटाखाली सुरुंग खणला’ असे वाक्य आले, की आमच्या सीमाभागातल्या वर्गात दोन तट पडतात. घरी मराठी बोलणारा मुलगा विचारतो, “सुरुंग खणतील कसा? तो तर उडवतात.” घरी कन्नड बोलणाऱ्याला ‘सुरंग’ म्हणजे भुयार, ते खणायचेच. या वादाचे उत्तर शब्दाच्या इतिहासातच आहे.

मूळ संस्कृत शब्द ‘सुरुङ्गा’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो भुयारी वाटेसाठी येतो. महाभारतात पांडव लाक्षागृहातून निसटले तेही विदुराच्या खनकाने खणलेल्या सुरुङ्गेतूनच. ‘सिरिंक्स’ या नळीवाचक ग्रीक शब्दावरून तो आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. बंदुकीच्या दारूशी गाठ पडण्यापूर्वी या शब्दाने कित्येक शतके काढली होती.

दारू आली आणि भुयाराचे काम पालटले. वेढा घालणारे सैन्य बुरुजाच्या पायाखाली भुयार नेई, टोकाशी दारू ठासून बत्ती देई. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजविला. अखेर १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने साताऱ्यावर सुरुंग उडविले. पहिल्यात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले जाऊनही वाचले. दुसऱ्याने तट कोसळला तो मोगलांच्याच अंगावर. १७३९ साली वसईला चिमाजीअप्पांच्या फौजेने हेच हत्यार पोर्तुगिजांवर चालविले.

अशा वेढ्यांतूनच भुयाराचे नाव आतल्या दारूला चिकटले असावे. इंग्रजी ‘माइन’चेही तसेच झाले : खाणही तीच, सुरुंगही तोच. हिंदीत ‘सुरंग’ मुख्यतः भुयारच राहिले; स्फोटकाला ‘बारूदी सुरंग’ म्हणावे लागते. मराठीने वाट ‘बोगद्या’ला देऊन टाकली आणि स्फोट तेवढा ठेवला, इतका, की कुणाच्या बेतालाही आपण सुरुंगच लावतो.

कासरगोड, दक्षिण कन्नडच्या जांभ्या टेकड्यांत पाण्यासाठी खणलेल्या आडव्या भुयारांना ‘सुरंग’ म्हणतात. इकडे विहिरीत काळा खडक लागला, की आपण सुरुंग लावतो. शोध दोघांचाही पाण्याचाच. तेव्हा त्या दोन मुलांपैकी कुणाच्याच वहीत लाल रेघ ओढायला हात धजत नाही.