जंतूंचा जंतूंशीं सामना



गेल्या पावसाळ्यांत माझ्या वडील बंधूंच्या पायाला जखम झाली. मधुमेहाचा देह, जखम चिघळली. पुवाची तपासणी होऊन जो कागद हातीं आला, त्यावर बारा औषधांचीं नांवें होतीं आणि त्यांतील नवांपुढें ‘निरुपयोगी’ अशा अर्थाचें अक्षर होतें. उरलेल्या तिहींपैकीं एकाच्या गुणानें पाय वाचला. परंतु तीं तीनहि निकामी झालीं असतीं तर? हा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. तीस वर्षें मीं वर्गांत ‘जंतु म्हणजे शत्रु’ असेंच शिकविलें. आज त्याच जंतूंत मित्र शोधणाऱ्यांचा इतिहास आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

ही कल्पना आजची नाहीं. इ. स. १८७७ मध्यें पाश्चर व झुबेर या फ्रेंच शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, निर्जंतुक मूत्रांत काळपुळीचे जंतु जोमानें वाढतात. पण त्यांच्याबरोबर दुसरे साधे जंतु पडले तर काळपुळीचे जंतु लौकरच नाहींसे होतात. जनावरांच्या देहांतहि हाच अनुभव आला. यांत उपचाराची मोठी आशा आहे, हें पाश्चर यांनीं तेव्हांच ओळखलें होतें.

पुढें १८९९ मध्यें जर्मनींतील एमेरिख व लोव यांनीं हिरवा पू उत्पन्न करणाऱ्या जंतूंच्या संवर्धनापासून ‘पायोसायनेज’ नांवाचें औषध काढलें. तें रुग्णांना दिलेंहि गेलें. परंतु गुण कधीं येई, कधीं येत नसे, आणि अपायाचीहि भीति असे. त्यामुळें तें मागें पडलें. हेच हिरव्या पुवाचे जंतु आज रुग्णालयांतील जखमांचे मोठे वैरी होऊन बसले आहेत, हा दैवदुर्विलास होय.

१९३९ मध्यें न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत रने द्युबो यांनीं मातींतील एका जंतूपासून नवें द्रव्य मिळविलें. तें वरच्या जखमेवर उत्तम चाले. रक्तांत मात्र तांबड्या पेशी फोडी. १९४२ मध्यें मॉस्कोंत गौझे व ब्राझ्निकोवा या दांपत्यानें अशाच जातीचें ‘ग्रामिसिडीन एस्’ शोधलें व तें युद्धांत जखमी झालेल्या सैनिकांच्या उपयोगीं पडलें. इतक्यांत पेनिसिलीन आलें आणि सूर्य उगवल्यावर समया कोण पाहणार? मात्र त्याचे जनक फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच बजाविलें होतें कीं, औषध अपुरें घेतल्यास जंतु त्याला सरावतील.

तसेंच झालें. १९५० नंतरच्या दशकांत पेनिसिलीनला दाद न देणारा ‘८०/८१’ नांवाचा स्टॅफिलोकॉकस प्रसूतिगृहांतून पसरला व नवजात बालकांना ग्रासूं लागला. तेव्हां अमेरिकेंत शाइनफील्ड, आयखेनवाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं एक धाडस केलें. त्याच कुळांतील पण सौम्य असा ‘५०२ ए’ जंतु त्यांनीं बालकांच्या नाकांत व नाळेच्या देंठावर मुद्दाम लाविला. नाळेचा देंठ म्हणजे तरी एक जखमच! आगगाडीच्या डब्यांत आधीं बसलेला उतारू नव्याला जागा देत नाहीं, तसें झालें. अनेक प्रसूतिगृहांतील सांथ हटली. १९६३ मध्यें त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले.

परंतु १९७२ मध्यें एका बालकाचा ‘५०२ ए’ रक्तांत शिरल्यामुळें मृत्यु झाल्याचें प्रसिद्ध झालें. ज्याला राखणदार म्हणून दाराशीं बसविलें त्यानेंच घरांत शिरून घात केला. अनेक बालकें रोगापासून वांचलीं हें खरें. पण त्या एका मातेला तो हिशेब कोण सांगणार? हा उपाय मागें पडला यांत नवल नाहीं.

तरी आशा संपली नाहीं. २००९ मध्यें अर्जेंटिनांतील संशोधकांनीं भाजलेल्या जखमांवर दुग्धाम्ल बनविणारे जंतु लावून पाहिले व गुण रुप्याच्या मलमाच्या तोडीचा आल्याचें सांगितलें. २०१६ मध्यें जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें, माणसाच्या नाकांत राहणाऱ्या एका जंतूपासून ‘लुग्डुनिन’ हें द्रव्य मिळालें. मेथिसिलीनलाहि न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस त्यानें मरतो. उंदरांच्या त्वचेवर त्याचा गुण दिसला आहे.

एवढ्यावरून कोणी घरचें दहीं जखमेवर थापूं नये, ही माझी हात जोडून विनंति आहे. प्रयोगशाळेंत पारखलेला जंतु निराळा आणि विरजणांतला निराळा. या दीडशें वर्षांचा धडा मला एवढाच दिसतो: जंतूंत मित्र आहेत, पण मैत्री पारखून करावी लागते, आणि पारखण्यास काळ लागतो. तो काळ शास्त्रज्ञांना मिळावा म्हणून हातांत उरलेलीं औषधें आपण जपून वापरलीं पाहिजेत. वैद्यानें सांगितल्यावांचून तीं घेऊं नयेत, आणि सांगितलीं तर अर्ध्यावर सोडूं नयेत. बंधूंच्या त्या कागदावरील तीन नांवें मीं अजून जपून ठेविलीं आहेत.