फंदीबुवांची मळलेली वाट

दर वर्षी जूनमध्ये मी अनंत फंदींचा फटका शिकवतो. आडवाटेला जाऊ नको, मळलेल्या रस्त्याने चाल, संसार नेटका कर, असा त्याचा एकंदर उपदेश आहे. आमचे गाव संगमनेर आणि फंदीबुवाही संगमनेरचे. तेव्हा हा पाठ मी थोड्या जास्तच अभिमानाने शिकवतो. यंदा मात्र मागच्या बाकावरची एक पोर उठली आणि म्हणाली, "सर, मग ते स्वतः का नाही गेले सरळ रस्त्याने? ते तर तमाशात गेले ना?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याला कारणही तसेच होते. तीन वर्षांपूर्वी मीही मळलेली वाट सोडली होती.

मी शिकलो तो दहावीपर्यंत, जुन्या भाषेत मॅट्रिक. एवढ्या शिक्षणावर खाजगी शाळेतली मराठीची मास्तरकी टिकून होती, ती संस्थाचालकांच्या कृपेने. दोन कादंबऱ्या बऱ्या चालल्या आणि मला वाटू लागले की आता लेखणीवरच जगावे. राजीनामा दिला. पुढचे दीड वर्ष कसे गेले ते सांगत बसत नाही. एका प्रकाशकाने पैसे थकवले, हे निमित्त. खरे दुखणे निराळेच होते. पहाटे तीनला जाग येई, छाती धडधडू लागे आणि महिनाअखेरची बेरीज डोळ्यांपुढे उभी राही. डॉक्टरांनी पट्टी काढली, रक्त तपासले, काही निघाले नाही. "काळजी करू नका," म्हणाले. काळजी न करण्याचे औषध मात्र त्यांनी लिहून दिले नाही.

त्या दिवसांत मी फंदीबुवांची माहिती वाचू लागलो. आणि जो माणूस क्रमिक पुस्तकात उपदेश करीत बसलेला दिसतो, तो मला एकाएकी ओळखीचा वाटू लागला.

अनंत भवानी घोलप. जन्म 1744, मृत्यू 1819. ब्राह्मणाच्या घरी जन्म. मलिक फंदी नावाच्या फकिराशी मैत्री झाली आणि त्यावरून ह्यांनाही 'फंदी' हे नाव चिकटले, असे सांगतात. डफ हातात घेऊन तमाशाच्या बोर्डावर उभे राहणे ही त्या काळच्या ब्राह्मणाला लहानसहान आडवाट नव्हती. कुलकर्ण झाले, भिक्षुकी झाली, सावकाराची वहीखाते झाली, ह्या सगळ्या रुळलेल्या वाटा होत्या. शाहिराला वर्षासनाची खात्री नाही, वतन नाही. आज ह्या वाड्यावर बिदागी, उद्या त्या जत्रेत दौलतजादा. आणि पावसाळ्यात जे गाठीला असेल ते.

आता ह्या माणसाचे आयुष्य कोणत्या काळात गेले ते पाहा. 1795 च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. खर्डा आमच्याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले. निजामावर मराठी सरदार एकत्र जमून चालून गेले ती ही अखेरची मोठी वेळ, आणि फंदीबुवांनी तिचा पोवाडा रचला. त्या वेळी ते एकावन्न वर्षांचे होते. पोवाड्याला ह्याहून चांगला हंगाम कोणता! पण त्याच वर्षाच्या ऑगस्टात अहिल्याबाई होळकर गेल्या आणि ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून वारले. एका वर्षात आश्रयाचे दोन खांब गेले. 1800 साली नाना फडणवीस गेले. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चाल केली. पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ नगर-पुण्याच्या मुलखावर कोसळला. माणसे धान्यासाठी गाव सोडून चालली होती. अशा साली डफाची थाप ऐकायला कोण जमणार? ऐतिहासिक निबंधांतून आपण लढाया मोजतो, तह मोजतो. त्या सालांत एका शाहिराच्या घरी चूल किती वेळा पेटली, हे कुठल्या दप्तरात लिहिलेले नसते.

आश्रय बदलतो तेव्हा शब्दही जपून टाकावे लागतात. दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून फंदीबुवांनी 'श्रीमाधवनिधन' हे ओवीबद्ध चरित्र लिहिले. डफावर आयुष्य काढलेला माणूस ओवीला बसला. एका पेशव्याच्या मरणाची कथा दुसऱ्या पेशव्याच्या हुकमावरून लिहायची, हे काम वाटते तितके सोपे नाही. माझ्या हातून एकदा एका कारखान्याच्या माजी चेअरमनांचे मानपत्र नव्या चेअरमनांनी लिहून घेतले होते. तेव्हापासून ह्या ग्रंथाविषयी मला फार आदर वाटतो.

अहिल्याबाईंची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. फंदीबुवा बिदागीच्या आशेने महेश्वराकडे निघाले. वाटेत सातपुड्यात भिल्लांनी फड अडवला. बुवांनी गाऊन दाखवले तेव्हा सोडले. पुढे दरबारात बाईंनी सांगितले, ब्राह्मणाच्या जातीने तमाशा करणे शोभत नाही, कीर्तन करा. बुवांनी तेथेच डफ फोडला म्हणतात. अहिल्याबाई जन्माने आमच्याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या; 2024 पासून जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले आहे. तेव्हा ही गोष्ट आमच्याकडे मोठ्या भक्तिभावाने सांगतात, आणि तिचे तात्पर्य म्हणून एका चुकल्या माणसाला वाट सापडली असे सांगतात.

मला हे तात्पर्य पुरे पटत नाही. डफ गेला आणि चिपळ्या आल्या. पण बिदागी ती बिदागीच. कीर्तनकारालाही आज बोलावणे आहे, उद्या नाही. बदलले ते एवढेच की, लोक आता पाया पडू लागले. जो माणूस दरोडेखोरांच्या हाती सापडून गाण्याच्या जोरावर सुटला, त्याला रात्री झोप कशी लागत असेल? तो फटका मी आता वाचतो तो ह्या नजरेने. मास्तराने पोरांना केलेला उपदेश म्हणून नव्हे. आयुष्यभर आडवाटेने गेलेला एक माणूस पहाटे तीन वाजता स्वतःशीच बोलतो आहे, असे मला वाटते. तुम्ही म्हणाल, ही कादंबरीकाराची कल्पना. असेल.

1817 च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले; पुढच्या जूनमध्ये बाजीराव शरण आला आणि बिठूरला गेला. वाडे रिकामे झाले. पंचाहत्तरीला टेकलेले फंदीबुवा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

धंदा मात्र राहिला. ह्याच संगमनेरात कांताबाई सातारकर राहत. तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर पदरची लेकरे घेऊन ह्या बाईने स्वतःचा फड उभा केला आणि गावोगाव फिरवला. फडाचे गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: हंगामाच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते, आणि ती देण्यासाठी मालकाला कर्ज काढावे लागते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावकरी येतात, सुपारी देतात, तारखा ठरतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर वर्षाची बेरीज जमते किंवा बुडते. 2020 आणि 2021 ह्या दोन्ही साली साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत. उचल दिलेली, कर्ज अंगावर, आणि तंबू गुंडाळलेले. 2021 च्या मे महिन्यात त्याच साथीने कांताबाई गेल्या.

त्या फडांपुढे माझे दीड वर्ष म्हणजे काहीच नव्हे. तरी ते निभावले कसे, हे सांगायला हवे. माझी छाती पहाटे धडधडे, तेव्हा सौ. जागीच असे, हे मला फार उशिरा कळले. तिने एक दिवस शंभरपानी वही माझ्यापुढे टाकली. "अहो, ते डोक्यात मोजताय ते इथे मोजा, म्हणजे मलाही दिसेल." वहीत उतरले तेव्हा कर्ज वाटले होते त्याच्या निम्मे निघाले, येणे मात्र वाटले होते त्याच्या पाव. मग मी मुद्रिते तपासली, मानपत्रे लिहिली, लग्नपत्रिकांची भाषा सुधारली, सकाळी प्रवरेच्या काठाने चालू लागलो. झोप एकदम आली नाही. थोडी थोडी आली. पुढे शाळेने परत बोलावले, आधीपेक्षा कमी पगारावर. मी गेलो. मळलेल्या वाटेवर परतताना मला लाज वाटली, आणि त्या रात्री सात तास झोपलो, हेही खरे.

त्या पोरीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिले. म्हटले, "ते गेले आडवाटेने. म्हणून तर त्यांना तिथले काटे ठाऊक." ती म्हणाली, "मग त्यांना पश्चात्ताप झाला का, सर?" घंटा झाली म्हणून सुटलो.

परवा संध्याकाळी अकोले तालुक्यातल्या एका गावची दोन माणसे घरी आली. चैत्रातल्या जत्रेत गावची पोरे वग बसवणार आहेत, तो लिहून हवा. विषय कोणता? तर फंदीबुवा आणि भिल्ल. मी हो म्हणून टाकले, तारखाही ठरवल्या. ती माणसे फाटकाबाहेर जातात न जातात तोच आतून वही घेऊन सौ. आली.

"उचल किती दिली?"